आधी दुरुस्ती बघते, मग नवीन डिझाइन

सुतारकामात नवीन काय आलंय हे मला कॅटलॉगच्या आधी दुरुस्तीच्या कामातून कळतं. सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा कारखाना आहे. स्वयंपाकघरं, कपाटं, दारं-चौकटी ही रोजची कामं. दुरुस्ती बरेच जण नको म्हणतात, कारण वेळ जातो आणि हातात फारसं पडत नाही. मी मात्र ती मागून घेते. पाच-सात वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईत ज्याची चलती होती ते आज इथं कुणाच्या तरी भिंतीला बसलेलं असतं. ते कुठं फुगलं, कुठली पट्टी सुटली, कुठली बिजागरी ढिली पडली, हे तिथं उभं राहून बघता येतं. कंपनीचा माणूस वस्तू कोरी असताना दाखवतो. तीच वस्तू सोलापूरचे उन्हाळे काढल्यावर कशी दिसते ते बघायचं तर लोकांच्या घरी गेलं पाहिजे.

इंटिरियरचं शिक्षण नुकतंच संपवलेल्या एका ओळखीच्या मुलीनं परवा विचारलं, "ताई, रोज नवीन काहीतरी येतंय, तुम्ही सगळं कसं बघायलाव?" फोनवर अर्धंच बोलणं झालं, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

पाण्यापासून सुरुवात करते. उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, तरी शहराच्या बऱ्याच भागांत नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येत आलंय. म्हणून घरोघरी ड्रम, हंडे, कळश्या. पाणी आलं की हाताला लागेल ते भांडं भरून ठेवायचं. मग स्वयंपाकघरात पाणी सांडणारच आणि फरशी बराच वेळ ओली राहणारच. मॉड्युलर किचनचा जो साचा बाहेरून आपल्याकडं आला त्यात फरशी कोरडी धरलेली आहे. चार इंची प्लॅस्टिकचे पाय, त्यांना पुढून चिमट्यानं बसवलेली पट्टी, आणि वर प्रीलॅम, म्हणजे वरचा नक्षीचा थर आधीच दाबून बसवलेल्या, पार्टिकल बोर्डाचे बॉक्स. पट्टीच्या मागं गेलेलं पाणी पुसता येत नाही, ते तिथंच मुरतं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा रेझिनमध्ये दाबून केलेली फळी. तिच्या कापलेल्या कडेतून पाणी आत शिरलं की ती फुगते, आणि वाळल्यावर पुन्हा बसत नाही. स्क्रूची पकड गेली ती गेलीच.

दुरुस्तीला गेल्यावर हेच दिसतं. सिंकखालचा बॉक्स तळातून फुटलेला, बिजागरीचे स्क्रू बोटानं फिरतायत, दार एका बाजूला उतरलेलं. घरातली बाई म्हणते, "बिजागरी तेवढी चांगली बसवून द्या." पण जिथं फळीच धरत नाही तिथं नवी बिजागरी लावून पैसे घेणं मला पटत नाही. तळ बदलावा लागेल हे आधी सांगते, खर्च सांगते, मग त्यांनी ठरवायचं.

या कामांतून आमचा खालच्या बॉक्सचा स्वतःचा साचा तयार झाला. तळ आणि बाजू आयएस ७१० च्या प्लायच्या. पाय चार ऐवजी सहा इंची, म्हणजे खाली झाडू-फडकं पोचतं. पुढची पट्टी ॲल्युमिनियमची, हातानं निघणारी. प्लायच्या कापलेल्या प्रत्येक कडेला, मागच्या न दिसणाऱ्या कडेलासुद्धा, सीलरचा हात. आणि ओट्याखाली एक खण मोकळा, तळ नसलेला, नुसतं दार असलेला. त्यात साठ-सत्तर लिटरचा ड्रम थेट फरशीवर बसतो. फरशी बसवणाऱ्याला आधीच गाठून त्या खणातला उतार मोरीकडं काढून घेते. बाहेरच्या एकाही कॅटलॉगमध्ये मला ड्रमाचा खण सापडलेला नाही, आणि आमच्याकडं आता गिऱ्हाईक तो खण मागून घेतं.

आयएस ७१० हा मरीन प्लायचा भारतीय मानकाचा नंबर आहे. त्यात प्लायचा तुकडा ७२ तास उकळून बघतात आणि तरी थर सुटता कामा नयेत. साधा प्लाय आयएस ३०३ मध्ये येतो. दोन्हींवर शिक्का असतो, पण शिक्का छापणं सोपं आहे, म्हणून नवीन लॉट आला की मी कोपऱ्याचा हातभर तुकडा कापून कारखान्यातच उकळायला ठेवते. जळण म्हणून लाकडाचे तुकडे असतातच. ७२ तास आमच्यानं होत नाही, दिवसभर होतं. हलका माल तेवढ्यातच थर सोडायला लागतो. तसा सुटलेला तुकडा दुकानदाराच्या काउंटरवर नेऊन ठेवला की पुढच्या वेळी माल पाठवताना तो विचार करतो.

आता ऊन. मे महिन्यात इथं ४३-४४ अंश नवीन नाही, आणि आमचा कारखाना पत्र्याखाली आहे. उन्हाळ्यात फेव्हिकॉल लावून सनमायका ठेवेपर्यंत वर साय धरते, म्हणून चिकटवायची कामं आम्ही सकाळी उरकतो आणि दुपारी कटिंग, ड्रिलिंग घेतो. हे जुनंच आहे, आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचं. नवीन प्रश्न आला तो एज बँडमुळं, म्हणजे फळीची कापलेली कड झाकणाऱ्या पट्टीमुळं. पूर्वी कडेला सागाची पट्टी मारायचो किंवा सनमायकाची चिंधी चिकटवायचो. आता पीव्हीसीची पट्टी मशिनवर गरम डिंकानं बसते, दिसायला एकदम स्वच्छ. हा डिंक बहुतेक ठिकाणी ईव्हीए जातीचा असतो. तो मशिनमध्ये दोनशे अंशाच्या आसपास वितळवून लावतात आणि गार झाला की धरतो. म्हणजेच पुन्हा गरम झाला की मऊ पडतो. शेगडीच्या शेजारची दारं, ओव्हनभोवतीचा बॉक्स, पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन येतं तिथलं कपाट, याच जागी पट्ट्या सुटलेल्या दिसतात. वर्षानुवर्षं याच जागी बघितल्यावर कारण डिंकातच आहे हे कळलं.

याला उत्तर पीयूआर नावाच्या डिंकाचं आहे. तो लावल्यावर हवेतली ओल घेऊन पक्का होतो आणि मग उष्णतेनं परत वितळत नाही. पाण्यालाही जास्त टिकतो. पण महाग आहे, एकदा उघडला की उरलेला टिकवून ठेवणं अवघड, आणि काम संपल्यावर मशिन तिथल्या तिथं साफ करावं लागतं. रोज थोडं थोडं काम करणाऱ्या छोट्या कारखान्याला ते परवडत नाही. सध्या आम्ही शेगडीजवळची आणि सिंकजवळची दारं तेवढी एकत्र साठवतो आणि पीयूआरचं मशिन असलेल्या कारखान्यातून मजुरी देऊन पट्टी मारून आणतो. बाकीची ईव्हीएवर. गिऱ्हाइकाला दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसत नाही. बिलात मात्र तो वेगळा लिहिते आणि का लिहिला तेही सांगते.

दुरुस्तीकडं एवढं लक्ष देण्याची सवय आप्पांची, आणि त्यांना ती आज्जांकडून आली. आज्जा शहराच्या पूर्व भागात हातमाग बनवायचे. माग अख्खा लाकडाचा. तेलुगू विणकरांच्या घराघरात त्यांचं येणं-जाणं होतं, तेलुगू त्यांना अस्खलित यायचं. पुढं यंत्रमाग आले आणि सांगाडा लोखंडाचा झाला. आप्पा सांगायचे की आधी नवीन मागाची कामं थांबली नाहीत, आधी दुरुस्तीची कामं बदलली. सांगाड्याची फळी बदलायला बोलावणं येईना, बोलावणं आलं तर ते आडवा धागा इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्यासाठी आणि धोट्याला ठोका देणाऱ्या काठीसाठी. यंत्रमागावर लाकडाचं एवढंच उरलं होतं. ते ओळखून आप्पांनी वेळेत दारं-चौकटींचं काम हातात घेतलं. नंतर बिनधोट्याचे रॅपियर माग आले आणि तेवढंही लाकूड गेलं. ज्यांची सगळी भिस्त त्या कामावर होती त्यांचे फार हाल झाले. आमच्याच नात्यातली माणसं होती ती. मी हे लहानपणी बघितलंय, म्हणून या धंद्यात काय बदलतंय ते मी मनापासून बघते.

बाकी बातमी कुठून मिळते? सगळ्यात आधी हार्डवेअरच्या दुकानातून. काउंटरवर पाच मिनिटं उभं राहिलं की कुठल्या बिजागरीचे खोके पुढच्या फळीवर आलेत आणि कुठले मागं गेलेत ते दिसतं. कंपनीचा माणूस आला की त्याच्याकडून चकचकीत पुस्तकाऐवजी तांत्रिक पान मागून घेते. चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी, किती किलो पेलतं, किती वेळा उघडझाप करून तपासलंय, बोर्डातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूची श्रेणी ई-१ आहे की त्याहून वाईट, हे त्या पानावर असतं. मोबाइलवरच्या चित्रांत ते कधीच नसतं.

मग बेंगळुरूचं इंडियावूड, सुतारकामाच्या यंत्रांचं आणि मालाचं प्रदर्शन. सम वर्षांत भरतं. सोलापूरला ते सोयीचं आहे, उद्यान एक्स्प्रेसमध्ये दुपारी बसलं की सकाळी बेंगळुरू. तिथं सजवलेली स्वयंपाकघरं बघायला गर्दी असते. मी तिथं थांबत नाही. डिंक, कटर, करवतीची पाती, धूळ ओढायची यंत्रं यांच्या दालनांत दिवस घालवते. स्वयंपाकघराचा रंग दोन वर्षांत बदलतो, पण नवं पातं आलं तर आपला कट बदलतो. बेंगळुरूलाच लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे, केंद्र सरकारची. तिथं यंत्रांवरच्या सुतारकामाचं प्रशिक्षण केंद्र आहे. माझा भाचा तिथून शिकून आला आणि कारखान्यात खरा बदल त्यानंतर झाला.

बदल म्हणजे मोजमापाचा. आमचे मोठे मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, सुतात बोलतात. एका इंचात आठ सूत. पाऊण इंच म्हणजे सहा सूत, म्हणजे १९ मिलिमीटरचा प्लाय. हातानं काम करताना सूत-अर्ध्या सुताचा फरक मामा रंध्याखाली काढून टाकतात आणि जोड असा बसवतात की नख शिरत नाही. पण यंत्रावर बाजूच्या फळीला भोकं पडतात ती ३२ मिलिमीटरच्या अंतरानं. ५ मिलिमीटरची भोकं, पुढच्या कडेपासून ३७ मिलिमीटर आत, आणि बिजागरीच्या वाटीला ३५ मिलिमीटरचं भोक. युरोपातून आलेली ही पद्धत आता बहुतेक हार्डवेअर कंपन्या पाळतात. त्यामुळे एकदा भोकं बरोबर पडली की चॅनेल कुणाचंही असो, बसतं. इथं एक मिलिमीटर चुकला तर ड्रॉवर घासतो. आणि १९ चा म्हणून आलेला प्लाय मोजला की कधी १८ भरतो, कधी त्याहून कमी.

भाच्यानं पहिल्याच आठवड्यात व्हर्निअर कॅलिपर आणलं आणि आलेल्या प्रत्येक शीटच्या चार कोपऱ्यांची जाडी खडूनं शीटवर लिहायला लागला. मामांना सुरुवातीला ते आवडलं नाही. नंतर एका मोठ्या कपाटाची दारं पहिल्या झटक्यात एका ओळीत बसली तेव्हा त्यांनी ते कॅलिपर स्वतः हातात घेतलं. आता प्रत्येक कामाच्या कार्डावर दोन्ही मापं असतात, सूत आणि मिलिमीटर. मामांच्या हाताला जे कळतं ते भाच्याला अजून कळत नाही: कुठल्या फळीचा पीळ कुठं जाईल, तुळईतून चौकट काढायची तर कुठून चिरायची. दोघांना एका टेबलावर बसवून कटलिस्ट, म्हणजे कापायच्या तुकड्यांची यादी, करायला लावते. कारखान्यातलं ते सगळ्यात मोलाचं टेबल आहे.

ओट्याच्या उंचीबद्दल मला फार पोटतिडकीनं बोलावंसं वाटतं. कॅटलॉगमध्ये ओटा ३४ इंच, म्हणजे साधारण ८६० मिलिमीटर. आपल्याकडच्या बायका पाच फुटांच्या आसपास. भाजी चिरायला ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली हवा, म्हणजे त्यांना ३२ पुरतो. आणि भाकरीला तोही उंच होतो. भाकरीचं पीठ मळताना अंगाचं वजन हातावर यावं लागतं, थापताना खांदा सैल असावा लागतो. ३४ इंचांच्या ओट्यावर बाई टाचा उचलून पीठ मळते, आणि काही वर्षांनी खांदा धरला म्हणून डॉक्टरकडं जाते. हे मी घरोघरी बघितलंय. मापं घ्यायला जाणारी माणसं बहुतेक पुरुष असतात आणि भिंत मोजून परत येतात. मी घरात जी भाकरी करते तिला ओट्यासमोर उभं करते, कोपर वाकवायला सांगते आणि तिथून खाली टेप धरते. सासू-सून दोघी करत असतील तर दोघींची मापं घेते.

मंगळवेढ्याच्या ज्वारीचा हा मुलूख आहे, इथं भाकरी रोजची. म्हणून आम्ही ओट्याखालून ओढून बाहेर येणारी एक फळी देतो, जमिनीपासून २८ इंचांवर. तिच्यावर परात किंवा काठवट बसते. ही फळी साध्या ड्रॉवरच्या चॅनेलवर चालत नाही. थापताना पुढच्या कडेला जोर येतो, म्हणून बाहेर आल्यावर कुलूप होणारं जाड चॅनेल आणि खाली घडीचा पाय लागतो. फळी सागाची, वर पॉलिश नाही, फक्त जवसाच्या तेलाचे हात. परातीसाठी शेजारी उभा अरुंद खण, म्हणजे ती आडवी पडून ड्रॉवर अडवत नाही.

यातूनच एक नवं काम उघडलं. सोलापुरात कडक भाकरीचा घरगुती धंदा करणाऱ्या खूप बायका आहेत. त्यांचं स्वयंपाकघर म्हणजे खरं तर छोटा कारखाना. एका ताईंना भाकऱ्या वाळवायला जाळीच्या सरकत्या फळ्यांचा रॅक करून दिला, दोन फळ्यांत वारा फिरेल एवढं अंतर ठेवून. तो बघून शेजारच्या गल्लीतून मागणी आली. घरात राहून धंदा करणाऱ्या बायकांसाठी लागणारं फर्निचर हे मला या शहरातलं येत्या काळातलं मोठं काम दिसतं. शेंगाचटणी, पापड, शिवणकाम, प्रत्येकाची गरज वेगळी आहे आणि तयार माल कुठंच मिळत नाही.

गिऱ्हाईक मोबाइलवर चित्रं आणतं त्याला माझी ना नाही. चित्रामुळं त्यांच्या मनात काय आहे ते पटकन कळतं. उभ्या खाचांचे फ्लुटेड पॅनेल सध्या सगळ्यांना हवे आहेत. टीव्हीच्या मागं ठीक, पण सोलापूरची धूळ त्या खाचांत बसते आणि ती काढायला रोज ब्रश लागतो, हे सांगते. हँडल नसलेली दारं पिठाच्या हातानं उघडून बघा म्हणते. वेताच्या जाळीची दारं मात्र मी स्वतःहून सुचवते. कांदा-बटाटा, भांडी, चपला, सगळ्याला वारा लागतो आणि उन्हाळ्यात कपाटाला कोंदट वास येत नाही. आपल्या कोरड्या हवेत जाळी कडक पडते, तिला अधूनमधून पाण्याचा हलका फवारा द्यावा लागतो, एवढी काळजी घ्यायची.

लाकडाची गोष्ट वेगळी लिहायला हवी, इथं थोडक्यात. म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची, म्हणजे न चिरलेल्या ओंडक्यांची, निर्यात बंद केली, तेव्हापासून ज्याला लोक बर्मा टीक म्हणून मागतात तो वखारीत मिळणं अवघड झालं. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या लागवडीचा साग येतो, तो कोवळा असतो, त्यात पांढरा भाग जास्त. आपला बल्लारशाचा साग अजून उत्तम आहे. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी तो गेला हे सगळ्यांनी वाचलंय. पण माझं मन जुन्या लाकडाकडं ओढतं. पेठांमधली माळवदाची घरं पाडली जातायत आणि त्यांतून निघणाऱ्या तुळया, खांब अप्रतिम असतात. कित्येक दशकं वाळलेलं लाकूड, ते आता पीळ खात नाही. पुण्यातले लोक रिक्लेम्ड वूड म्हणून त्याला चांगला भाव देतात. आपल्याकडं अजून ते जळणाच्या भावात जाताना दिसतं आणि जीव तुटतो. अडचण एकच, आत रुतलेले खिळे. धातू शोधायचं हातातलं यंत्र फिरवल्याशिवाय आम्ही तुळई करवतीला लावत नाही, नाहीतर पात्याचे कार्बाइडचे दात जातात. नवीन लाकूड असेल तर ओल मोजायचं मीटर लावते. गुजरातच्या किनाऱ्याजवळच्या गांधीधामहून आलेला माल इथल्या कोरड्या हवेत आणखी वाळतो आणि चौकटीचे जोड उघडतात, म्हणून तो कारखान्यात उभा करून आधी मुरू देते. गिऱ्हाइकाला घाई असली तरी.

सरकारी बाजूचं बघायला सीएकडं सोपवून चालत नाही, हे मी प्रत्येक छोट्या कारखानदाराला सांगते. प्लायवूड आणि सपाट फ्लश दारांसाठी केंद्राचा गुणवत्ता नियंत्रण आदेश, म्हणजे मानकाचा शिक्का सक्तीचा करणारा आदेश, आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुर्च्या, टेबलं, साठवणीची कपाटं, पलंग यांच्यासाठीही आला. जीएसटीत २२ सप्टेंबर २०२५ पासून बांबू-वेताचं फर्निचर ५ टक्क्यांवर आलं, लाकडाचं १८ वरच राहिलं. कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यातल्या १८ व्यवसायांत सुतार आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. आमच्या दोन पोरांनी त्यातून स्वतःची अवजारं घेतली. मालकांनी आपल्या माणसांचे अर्ज स्वतः बसून भरून द्यावेत.

गिऱ्हाइकाला कधीच न दिसणारी आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी नवी गोष्ट म्हणजे धूळ ओढायचं यंत्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते म्हणून नोंदवली आहे. एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंची दाबलेली फळी, कापताना उडणारी भुकटी लाकडाच्या भुशापेक्षाही बारीक, नाकात बसते, छातीत जाते. आप्पांच्या पिढीनं तोंडाला रुमाल बांधून आयुष्य काढलं. आज प्रत्येक करवतीला आणि खाचा पाडायच्या राउटर मशिनला धूळ ओढायचा पाइप जोडता येतो. आमच्याकडं आधी हे धूळ ओढायचं यंत्र आलं, मग शीट कापायची नवीन मोठी करवत, पॅनेल सॉ. लोक म्हणाले उलटं करायला पाहिजे होतं. पण संध्याकाळी घरी जाताना मामांच्या केसांवर आणि भुवयांवर पूर्वीसारखा पांढरा थर नसतो, आणि त्यांचा सकाळचा खोकला कमी झालाय. कुणी नवीन कारखाना टाकत असेल तर त्यानं पहिला खर्च यावर करावा असं माझं ठाम म्हणणं आहे.

सध्या डोक्यात उसाच्या चिपाडाचा बोर्ड घोळतोय. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. माळशिरस तालुक्यात वेळापूरला चिपाडापासून पार्टिकल बोर्ड करणारा कारखाना उभा राहिला होता हे नव्या पिढीतल्या बऱ्याच सुतारांना माहीत नाही. आता बहुतेक चिपाड कारखान्यांतच वीज करायला जळतं. पण बांबू आणि शेतमालाच्या अवशेषांच्या बोर्डांकडं उद्योगाचं लक्ष पुन्हा वळलंय. मी नमुन्याचे तुकडे मागवलेत. पाण्याच्या बाबतीत ते पार्टिकल बोर्डासारखंच वागणार, त्यामुळे ओट्याखाली नाही. वरच्या कपाटांना, वॉर्डरोबच्या आतल्या फळ्यांना चालेल का ते बघायचंय: स्क्रू किती धरतो, कडा कापताना तुटते का, पत्र्याखाली मे महिना काढल्यावर वाकतो का. एका ओळखीच्या घरी वरची दोन कपाटं त्याची करायचं ठरलंय, त्यांना सगळं सांगून, आणि बिघडलं तर बदलून देण्याच्या बोलीवर. पावसाळा संपला की जाऊन फळ्या काढून मोजेन आणि फोटोंसकट इथं लिहीन. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडं कुणी हा बोर्ड आधीच वापरला असेल तर मला जरूर कळवा. कुठल्या कामाला वापरला, किती उन्हाळे झाले आणि कुठली कड आधी गेली, एवढं लिहिलंत तरी पुरे.